बोटभर काठाचं टेबल

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. नाक मुरडू नका! आमच्या घड्याळजींनी चाळीस वर्षं माझ्यावर अर्ध्या गावाची घड्याळं दुरुस्त केली आहेत.

माझा जन्म याच खोलीत, याच खिडकीखाली झाला. सुताराने फळ्या आत आणल्या आणि मला इथेच जोडून उभं केलं. घड्याळजींनी त्याला बजावलं होतं, "चारी बाजूंनी बोटभर उंच काठ ठेव. एक स्क्रू खाली गेला, की माझा अख्खा दिवस गेला." तो काठ म्हणजे माझा खरा अभिमान. मुंगीएवढा स्क्रू चिमट्यातून निसटायचा, तुरुतुरु पळायचा आणि काठाशी येऊन थांबायचा. मग घड्याळजी त्याला पकडून म्हणायचे, "पळतोस कुठे लबाडा?"

पुढे त्यांचे हात थरथरू लागले. त्यांनी भिंग डबीत ठेवलं ते ठेवलंच. माझ्यावर मग इस्त्रीचे कपडे, जुनी वर्तमानपत्रं, मोडकी छत्री आणि कुणाचाच नसलेला एक मोजा येऊन बसला. कुणी ढुंकूनही बघेना.

मग एके दिवशी घरात आनंदीआनंद झाला. घड्याळजींची लेक ठमी, तिला बाळ होणार होतं! ही खोली बाळाला द्यायची ठरली. रंगारी आला, भिंती पिवळ्या झाल्या. जावईबापूंनी भिंतीवर हौसेने ससे काढले.

"उंदीर कशाला काढलेस रे?" ठमीने विचारलं. जावईबापूंनी गुपचूप कान लांब केले.

मीही मजेत होतो. तेवढ्यात जावईबापू म्हणाले, "आता हे धूड बाहेर काढू."

धूड म्हणजे मी! रंगाऱ्याने एक बाजू धरली, जावईबापूंनी दुसरी. मला आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं. दारातून काही केल्या जाईना. जाणार कसं? मी आलो होतो फळ्याफळ्यांनी. रंगाऱ्याचा अंगठा चेमटला, चौकटीचा ओला रंग जावईबापूंच्या सदऱ्याला लागला.

"कापल्याशिवाय नाही जायचं हे," रंगारी अंगठा चोखत म्हणाला.

जावईबापू करवत आणायला गेले. घड्याळजी दारातच उभे होते. मी मोठ्या आशेने त्यांच्याकडे पाहिलं.

"कापा," ते म्हणाले. "लाकूडच तर आहे. बाळापेक्षा का जास्त आहे?"

खोटं कशाला बोलू, मला त्यांचा भयंकर राग आला. चाळीस वर्षांची सोबत, आणि हे बोलणं? पण त्यांनी हात पाठीमागे लपवले होते आणि कोपर लटलट कापत होते. ते बघून माझा राग कुठल्या कुठे पळाला.

करवत आली. माझ्या पायावर पेन्सिलीची रेघ पडली. इतक्यात ठमी पोटावर हात ठेवून डुलत डुलत आत आली. बाळाच्या टोपीसाठी आणलेला लोकरीचा गुंडा तिने माझ्यावर ठेवला आणि दम खायला टेकली. गुंडा घरंगळला तो थेट काठापर्यंत, आणि तिथे थांबला. ठमीने तो मुद्दाम दुसरीकडे ढकलला. तिथेही थांबला.

"करवत खाली ठेव," ती नवऱ्याला म्हणाली.

"का गं?"

"अरे, बाळाचे लंगोट बदलायचे कुठे? दिवसातून दहादा खाली वाकून माझी कंबर राहील का? बाबा, हा काठ आणखी उंच करता येईल?"

घड्याळजींचे हात पाठीमागून पुढे आले. "स्क्रूला बोटभर पुरतो," ते म्हणाले. "बाळाला वीतभर लागेल."

त्याच करवतीने काठासाठी नव्या फळ्या कापल्या. माप घड्याळजींचं, घाम जावईबापूंचा. कोपरे मात्र घड्याळजींनी स्वतः चार दिवस घासून गोल केले. रंगाऱ्याने उरलासुरला रंग मला फासला. या वयात मी पिवळा धमक!

बाळ आलं. मुलगी आहे. ती कुठलीच वेळ पाळत नाही, हे घड्याळजींना अजून पटत नाही. हात थरथरतात म्हणून तिला उचलायला ते घाबरतात. पण ठमीने तिला माझ्यावर ठेवलं, की अंगड्याची बटणं तेच लावतात. एका बटणाला पाच मिनिटं लागतात. कुणी घाई करत नाही.

तेव्हा मित्रांनो, जुनं झालं म्हणून कुणाला लगेच दाराबाहेर काढू नका. आधी विचारा तरी, बाबा रे, तुला काय येतं? मला एकच काम येतं, आणि तेवढंच पुरलं.

काल शेवटचं बटण लावताना बाळ पहिल्यांदाच कुशीवर वळलं. घड्याळजींच्या हातून निसटून गरकन फिरलं आणि माझ्या काठाला येऊन टेकलं. मग त्यांनी दोन्ही थरथरत्या हातांनी तिला हळूच सरळ केलं आणि इतक्या वर्षांनी मला पुन्हा ते शब्द ऐकू आले.

"पळतेस कुठे लबाडे?"