तळहातावरचे अठरा टन

वजनकाट्यासमोर एवढी गर्दी झाली होती, की डांबरी मालाच्या ट्रकला वाट मिळेना. मधोमध तळहातबाबा उभे. ट्रकच्या फळीवर तळहात टेकवायचा, डोळे मिटायचे आणि भोंग्यावर आकडा पुकारायचा, "अठरा." मग ट्रक काट्यावर चढे आणि पावतीवर नेमके अठरा टन येत. काट्याचे आकडे दाखवणारी पाटी मात्र नजर लागू नये म्हणून कापडाने झाकलेली होती. लोक हात जोडत.

रस्त्याची अभियंता कोपऱ्यातून बघत होती. रस्त्याची लांबी, रुंदी, दाबलेल्या थराची जाडी आणि घनता यांचा गुणाकार करून किती टन माल लागेल, हे तिनेच काढले होते. पावत्यांप्रमाणे तेवढा माल येऊनही पडला. तरी रस्त्याच्या शेवटी असलेले दवाखान्याचे फाटक यायच्या आत तो संपला. ठेकेदार म्हणाला, "बाईंचं गणित कच्चं." बाबा म्हणाले, "जमीन उपाशी आहे. माल गिळते." वरचे साहेब बाईंना घरी बसवायच्या तयारीत होते. नोकरी जायची वेळ आली, तिची झोप उडाली.

त्यात घरचा आहेर वेगळाच. सासूबाई रोज पहिल्या रांगेत. "सूनबाई, तू पुस्तकं वाचतेस, बाबा ट्रक वाचतात."

"आई, मी रस्ता ठिकठिकाणी खणून बघितला. थर हवा तेवढाच आहे, खाली नुसती खडी. मग गिळलेला माल गेला कुठे?"

"खोल गेला असेल."

"की आलाच नसेल?"

 सासूबाई भोळ्या खऱ्या, पण भाजी घेताना तागडीवरची नजर त्यांनी कधी हलवली नव्हती. "मग मीच बघते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ताडपत्री ताणलेला ट्रक आला. गरम मालाच्या ट्रकला हात लावला तर चटका बसतो. ही फळी थंडगार होती, पण बाबांचे सारे लक्ष भोंग्याकडे. "अठरा." ट्रक काट्यावर चढला. काटेवाला म्हणजे बाबांचा सख्खा मेहुणा. त्याने मान वर न करता पावती फाडली. अठरा टन.

सुनेने ताडपत्री ओढली. हा ट्रक तिनेच भाड्याने आणला होता; आत मालाचा कणही नव्हता. स्टुलावर पिशवी घेऊन सासूबाई बसल्या होत्या.

"मेल्या, मी अठरा टनांची?"

आधी कोणी हसेना, मग कोणाला थांबता येईना. सुनेने पाटीवरचे कापड काढले. तिथे रिकाम्या ट्रकचे वजन दिसत होते.

"बाबा काट्याचा आकडा ओळखत नव्हते," ती म्हणाली. "काटेवाला भोंगा ऐकून बाबांचा आकडा लिहीत होता. ट्रक अर्धवट भरून यायचे आणि न आलेला माल जमिनीने गिळला असं सांगितलं जायचं. मोजल्याशिवाय कोणाचंच खरं मानू नका, माझंही नाही."

बाबा केव्हा सटकले, कळलेच नाही. ठेकेदाराला राहिलेला माल आणावा लागला आणि त्याच गणिताने रस्ता फाटकाला टेकला. प्रत्येक ट्रकपाशी सासूबाई स्टूल टाकून बसल्या होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "जमीन उपाशी आहे असं कोणी म्हणालं, तर आधी ट्रकचं पोट बघा."