लाल ठिपके

धाकटीला कॅमेरा येतो असं सगळ्यांना वाटायचं. तिलाही. स्टुडिओतले दिवे ठरलेले, गिऱ्हाइकाचं स्टूल ठरलेलं. बाबांनी आईच्या नेलपॉलिशने कॅमेऱ्यावर दोन ठिपके देऊन ठेवले होते, एक लेन्सच्या रुपेरी कड्यावर, एक शटरच्या चकतीवर. "कडं आणि चकती या खुणांवर ठेव आणि दाब बटण. उजेडाचं बाकीचं शिकवतो निवांत."

कसला आलाय निवांतपणा! एका सकाळी दात घासता घासता बाबा खाली बसले ते बसलेच. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. स्टुडिओ धाकटीच्या गळ्यात पडला. ओळखपत्रांचे फोटो ठिपक्यांवर झकास निघायचे, त्यामुळे तिचं काही अडलं नाही.

"जगाचे चेहरे काढले या माणसाने," आई एक दिवस म्हणाली, "आणि घरात यांचा एक फोटो नाही. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना? एक तरी काढून ठेव, बाई."

धाकटीने कॅमेरा घरी आणला. रोल अर्धा उरला होता. पलंगाच्या डाव्या अंगाला एकच खिडकी, तीही समोरच्या भिंतीकडे तोंड केलेली. तिने बाबांना उशीला टेकवून बसवलं, केस विंचरले, दोन्ही ठिपके लावले. बाबा कॅमेऱ्याकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी डावा हात वर केला आणि मनगटातून फिरवला. पुन्हा फिरवला. घशातून कसलासा आवाज काढला.

"नको काय, बाबा? लहान मुलासारखं काय करताय? हात खाली घ्या बघू."

हात खाली येईना. ती वैतागली आणि तसेच फोटो काढत राहिली. रोल संपला तेव्हा बाबांनी हात टाकला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"रुसले," आई म्हणाली.

त्याच आठवड्यात बाबा गेले. सगळं आटोपल्यावर, पाहुणे पांगल्यावर धाकटीने फिल्म धुतली. गिऱ्हाइकांचे चेहरे ठसठशीत होते. बाबांच्या जागी फिल्म जवळजवळ कोरी. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. ठिपके स्टुडिओच्या दिव्यांचे होते, आणि दिवे स्टुडिओतच राहिले होते. त्या अंधाऱ्या खोलीत लेन्स आणखी उघडायला हवी होती, शटर सावकाश पडायला हवं होतं.

तरी तिने एक फोटो छापून बघितला. डार्करूमच्या लाल बल्बखाली, कोऱ्या फिल्ममुळे, कागद काळा होत गेला. चेहरा नाहीच. खिडकीकडची उशीची कड आली, आणि हात आला. अंगठा आणि दोन बोटं, काहीतरी गोल धरल्यासारखी.

हा हात तिने जन्मभर पाहिला होता. बाबा कडं डाव्या हातानेच फिरवायचे. तिने कॅमेरा उचलला, बोटं तशीच कड्यावर ठेवली आणि बाबांसारखं मनगट फिरवलं. लाल उजेडात लाल ठिपका दिसतच नव्हता. कडं तो ओलांडून फिरलं आणि लेन्स पुरती उघडली.

दाराबाहेर आई उभी होती. "आले का गं हे नीट?"

"नाही आले," धाकटी म्हणाली. "मला शिकवत होते, आई. आणि मी हात खाली घ्या म्हटलं."