निष्कामनाथांचा खल

मदनाचं दहन दुसऱ्यांदा झालं ते ग्वाल्हेरात, राज्याची वाटणी झाली त्या २०००च्या नोव्हेंबरात, खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या एका मंगल कार्यालयात. वेळ सकाळी दहा ते बारा. लग्नाची तारीख असली तर दहन दुसऱ्या दिवशी.

भस्म देऊन सगळे विकार जाळणाऱ्या निष्कामनाथ महाराजांच्या रांगेत वकील होते, प्राध्यापक होते, आणि लक्ष्मीकांतला दंडाला धरून उभे असलेले त्याचे वडील पांडुरंगराव होते. लक्ष्मीकांत सरकारी कारकून. वासनेनं त्याला घाण्याला जुंपलं होतं: तासन्‌तास सायबर कॅफेत नको ती चित्रं, नको त्या गल्ल्या, मग रडणं, शपथा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कर्मचाऱ्यांच्या वाटणीत त्याचं नाव नव्या राज्याच्या राजधानीच्या, रायपूरच्या यादीत लागलं होतं. बायको शामलानं सांगून टाकलं होतं, की हे आवरलं तरच ती बरोबर येईल. नाहीतर राज्याबरोबर घराचीही वाटणी.

डॉक्टर उषाताईंनी नैराश्यावरची गोळी लिहून दिली होती. अशा अनावर ओढीचा जोर ती काही जणांत कमी करते, मात्र सोबत समुपदेशनही हवं, असं त्या म्हणाल्या होत्या. पांडुरंगराव भडकले. मुलगा उदास कुठे होता? त्याचा तर उत्साहच नडत होता. शिवाय त्यांच्या घराण्यात वेड्याचं औषध आजवर कुणी खाल्लं नव्हतं.

महाराजांची अट एकच. "डॉक्टरची पर्ची चरणी वाहा, बेटा. शंका ठेवलीत तर भस्माची राख होते."

पर्ची वाहिली, भस्म सुरू झालं. पहिल्या आठवड्यात मळमळेल, झोप उडेल, तोंड सुकेल. विकार देह सोडताना असाच त्रास देतो, असं महाराजांनी बजावलं होतं. अगदी तसंच झालं. महिन्याभरात ओढही सैलावली. पांडुरंगरावांनी नारळ फोडला. शामलानं ट्रंका काढल्या.

आणि लक्ष्मीकांत कचेरीत घामाघूम होऊन कोसळला. इस्पितळात पाहिलं तर रक्तातली साखर तळाला गेलेली. याला मधुमेहाची गोळी कोण देतं, उषाताईंनी विचारलं. कुणीच नाही, शामला म्हणाली. भस्म तेवढं घेतात.

घरी येऊन तिनं पुडी मैद्याच्या चाळणीत ओतली. राख खाली गेली. वर राहिला गोळीचा पांढरा तुकडा, अर्धी तोडायची रेघ असलेला.

ती तडक कार्यालयात गेली आणि महाराजांच्या मागचा पडदा ओढला. चरणी वाहिलेल्या पर्च्या खिळ्याला टोचल्या होत्या. त्याच पर्च्या औषधाच्या दुकानात दाखवून आणलेली पाकिटं शेजारी रचली होती. ज्याचं त्याला औषध राखेत कुटून परत मिळत होतं. मळमळीचं भविष्य पाकिटातल्या कागदावर छापलेलंच होतं. फक्त खल एकच होता आणि धुवायचा कंटाळा होता. वकिलांची मधुमेहाची गोळी अशी लक्ष्मीकांतच्या पोटात गेली.

"पण सूनबाई, गुण तर आला," मागोमाग आलेले पांडुरंगराव पुटपुटले.

"गोळीचा आला, नाना. भस्मानं तुमचा मुलगा मेला असता. देव गोळीवर रेघ पाडतो का?"

महाराजांनी पडदा पुन्हा ओढून घेतला. प्राध्यापकांनी आपली पर्ची परत मिळेल का, एवढंच विचारलं.

राखेत लपवलेलं औषध चाटायला आपण रांग लावतो, आणि तेच पाण्याबरोबर गिळायची आपल्याला लाज वाटते. या लाजेवर ठग पोसले जातात आणि माणसं मरतात. आजाराला आजार म्हणा. पोटात काय जातंय आणि किती, हे विचारा.

फेब्रुवारीत लक्ष्मीकांत रायपूरला रुजू झाला. सकाळी एक गोळी, महिन्यातून एकदा डॉक्टर. शामला बरोबर गेली. ओढ कमी झाली आहे, गेलेली नाही.