धक्क्यावरचा पाळणा

गुंडा पैलवानाच्या पाठीवर एक मेलेला माणूस बसत असे, आणि ही गोष्ट सगळ्या सांगलीत गुंडाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. सपाट रस्त्यावर काही नसायचं. पायऱ्या आल्या, की तिसऱ्या पायरीला दोन हात मागून गळ्याभोवती यायचे, बोटं छातीवर एकमेकांत गुंतायची आणि कानामागं हळदीचा वास सुटायचा. हळदीच्या पेठेत राहणाऱ्याला हळदीचा वास येणार नाही तर कसला येणार, असं त्यानं वर्षभर स्वतःला समजावून पाहिलं. मग आपल्या गावी, म्हसवडला, सिद्धनाथाच्या पायांवर डोकं ठेवायला गेला. देवळाच्या पायरीवर ते हात असे आवळले, की गडी मटकन खालीच बसला. देवदर्शन बाहेरूनच झालं.

हात नेमिनाथ अण्णांचे होते.

अण्णा हळदीचे बडे व्यापारी. वखारीच्या माळ्यावरून पडून कमरेखालचं अंग गेलं, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत. त्यांना उचलायला-ठेवायला म्हणून त्यांच्या बायकोनं, पद्मावती अक्कांनी, गुंडाला ठेवून घेतलं. त्याची कुस्ती तोवर सुटली होती. उजवा गुडघा एकदा निखळून बसवलेला, पण ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पैलवानाची अक्कल गुडघ्यात असते, असं लोक चेष्टेनं म्हणतात. याचा तर गुडघाही धड नव्हता.

बहात्तर साली अण्णा आफ्रिकेत मोंबासाला, लेकीकडं, बोटीनं गेले. संगं गुंडा. मुंबईत तो अण्णांना पाठीवर घेऊन बोटीची शिडी असा चढला, की बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. तीन महिन्यांनी तो एकटाच परत आला. हातात रिकामी खुर्ची.

"परत निघताना मोंबासात बोटवाल्यांनी खुर्ची वर घ्याया न्हाई म्हटलं," त्यानं अक्कांना सांगितलं. "दुसरी सोयच नव्हती, अक्का. मी पाठीवर घेतलं. शिडी वली हुती. पाय घसरला."

लेकीनं, चंदनबालानं, बापाचा निरोप बंदराच्या फाटकाबाहेरच घेतला होता. आत कुणाला सोडत नव्हते. तेव्हा याहून वेगळं सांगणारं कुणी नव्हतं. अक्का खूप रडल्या आणि मग म्हणाल्या, "तू तरी वाचलास, बाबा." त्या दिवसापासून गुंडाचं ताट घरातल्या माणसांच्या पंगतीत वाढलं जाऊ लागलं. तीन वर्षं तो त्या पंगतीत जेवला. खोट्याचा घास घशाखाली उतरतो, चांगला उतरतो, हे कळल्यावर त्याला स्वतःची किळस आली. तरी जेवला.

पंच्याहत्तर साली अक्का मोरीत पाय घसरून पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. हाड काही नीट जुळलं नाही. अडगळीतली अण्णांची खुर्ची पुसून त्यांच्यासाठी बाहेर काढली. त्यातच चंदनबालाचं पत्र आलं. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते. डॉक्टरांनी जागचं हलू नको म्हणून सांगितलं होतं. आई, तू ये, एवढंच मागणं होतं.

दुपारी अक्कांनी गुंडाला सोप्यात बोलावलं.

"मी चंदनकडं जाणार. बोटीनं."

"आवं अक्का, पर..."

"खुर्ची वर घेत न्हाईत. दुसरी सोय न्हाई. तूच सांगितलंस की. म्हणून तर तुला बोलावलं. तुज्या पाठीवर मी डोळं मिटून बसंन, दुसऱ्या कुणाच्या बसणार न्हाई. तू न्हाई म्हणालास तर राहिलं. लेक तिकडं एकटी बाळंत हुईल." मग थोडं हसून त्या म्हणाल्या, "चल, माडीचा जिना चढवून दाव. बघू तुजं बळ."

गुंडा वाकला. अक्कांचं वजन ते काय, सुकल्या काटकीएवढं. एक पायरी, दोन पायऱ्या. तिसऱ्या पायरीला ते दुसरे हात आले. अक्कांचे हात गळ्यात होतेच, त्यांच्याखालून हे आले. उजवा गुडघा लटपटायला लागला. भर दुपारी घामानं त्याचे डोळे चरचरले.

पाठीवर अक्का एकाएकी ताठ झाल्या.

"गुंडा, खाली घे मला."

त्यानं त्यांना खुर्चीत बसवलं. अक्का आपल्या तळव्यांकडं बघत होत्या.

"तुज्या-माज्या मधी कोण हाय?" त्यांनी विचारलं.

कुणी न्हाई, असं म्हणता आलं असतं. तीन वर्षं तेच तर जमलं होतं. गुंडा भिंतीला टेकून खाली बसला.

"अक्का, सोय हुती."

"कसली सोय?"

"पाळणा हुता. बोटीचाच. फळ्यांचा, चारी कोपऱ्याला साखळ्या. खुर्ची माणसासकट त्यात ठेवायची, पट्टं आवळायचं, आन माल चढवायच्या यारीनं अल्लाद वर घ्यायचं. मुंबईतबी असंल, मी तवा कुणाला बोलूच दिलं न्हाई. तिकडं मोंबासात बोटीच्या सायबानं दोनदा सांगितलं. अण्णाबी म्हणालं, पाळण्यातनं जाऊ गुंडा, जत्रंतल्यागत. मला राग आला, अक्का. समद्या धक्क्याम्होरं माझा मालक हळदीच्या पोत्यागत वर जाणार, आन मी पैलवान मोकळ्या हातानं बघत ऱ्हाणार? म्हटलं, मी जित्ता हाय तवर न्हाई. न इचारताच उचललं त्यास्नी."

"आन शिडी?"

"कोरडी हुती. खडखडीत. दहाव्या पायरीला माझा गुडघा गेला. त्यास्नी कळलं. 'गुंडा, तू पडशील,' म्हणालं, आन हात सोडलं. घसरलं न्हाईत, अक्का. सोडलं."

बाहेर पेठेत हमाल पोती टाकत होते, त्याचे धप्प धप्प आवाज तेवढे येत होते. अक्का रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"पाळण्यानं किती येळ लागला असता?" त्यांनी विचारलं.

"मी बघितलाय," गुंडा म्हणाला. "अण्णांवर चादर घालून मी धक्क्यावर बसलो हुतो. बोटीचं काम काय थांबंना, माणसं चढतच हुती. एक गोरी म्हातारी हुती, तीबी खुर्चीतच. तिला त्याच पाळण्यातनं वर घेतली. मांडीवर फुलांची टोपी धरून बसली हुती, वर जाताना खालच्यांस्नी हात करत हुती. तंबाखू मळून हुईस्तवर पोचलीबी."

अक्कांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. जप करतायत असं गुंडाला आधी वाटलं, मग कळलं, त्या तेवढा वेळ आकड्यांनी मोजत होत्या. त्या मधेच थांबल्या.

"एवढाच?"

"व्हय."

मग अक्कांनी मोडका पाय दोन्ही हातांनी उचलून खुर्चीच्या पाय ठेवायच्या फळीवर नीट ठेवला.

"चंदनला तार कर. आई पाळण्यानं येते म्हणावं. माझा पुतण्या यील संगं, मदन."

"व्हय, अक्का."

"आन तू मुंबईपातूरसुदिक येऊ नगंस, गुंडा. वर जाताना मला धक्क्यावर तू दिसाया नगंस."