विहिरीजवळ मरणाऱ्या माणसाचा डगला

मित्रांनो, माझ्या छातीवर डाव्या बाजूला हा काळपट, चिकट डाग दिसतो ना, ते रक्त नाही. तो साखरेचा पाक आहे, लाल रंग घातलेला. त्यावर गांधीलमाश्या बसतात. बोट लावलं तर चिकटतं आणि सोडवताना लोकरीचे केस उपटून येतात. मी जाड लाल लोकरीचा सैनिकी डगला आहे. आता बराच जुना झालो आहे. आयुष्यात मला पुष्कळ गोष्टींची किळस आली, पण या पाकाइतकी कशाचीच आली नाही. बटणांचीसुद्धा नाही. बटणांचं सांगतोच.

माझा जन्म ऑन्टारिओत, सरोवराकाठच्या एका लहान गावात, मर्डो आणि आयोना या नवराबायकोच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. मर्डो फेरीबोटीच्या इंजिनावर कामाला होता. गावाबाहेर ॲशकॉम्बचा किल्ला आहे. दोनशे वर्षांपूर्वी तिथे लढाई झाली होती. दर उन्हाळ्यात आसपासची माणसं त्या काळचे कपडे घालून किल्ल्यात राहुट्या ठोकतात आणि तीच लढाई पुन्हा लढून दाखवतात. लाल डगलेवाले एका बाजूला, निळे दुसऱ्या बाजूला. त्यात नळ दुरुस्त करणारा असतो, दातांचा डॉक्टर असतो, शाळेचा मास्तर असतो. बंदुकीत गोळी नसते, नुसती दारू असते. धूर खरा, आवाज खरा, मरणं तेवढं खोटं.

मर्डोला या पलटणीत जायचं होतं. तो भाड्याचा डगला आणणार होता.

"कुणाकुणाच्या काखेतला घाम अंगाला लावून घेणार?" आयोना म्हणाली. "बस तिथे. मी शिवते."

या लोकांत एक रीत आहे. नवा माणूस आला की त्याचा डगला उलटा करून शिवण तपासतात. यंत्राची शिलाई दिसली तर त्याला रांगेत उभं करत नाहीत. म्हणून आयोनाचं शिवणयंत्र त्या हिवाळ्यात झाकलेलंच राहिलं आणि तिने माझा टाका न् टाका हाताने घातला. "ही बोटं बघ माझी," ती रोज मर्डोला दाखवायची. "खऱ्या लढाईत तरी इतकं लागलं असेल का कुणाला?"

आता बटणं. माझी पितळी बटणं नवी होती आणि चकाकत होती. या लोकांना चकाकी खपत नाही. पलटणीत रस नावाचा मर्डोचा जाडजूड मित्र होता. तो म्हणाला, "लग्नाला चाललायस की लढाईला? मुताच्या बरणीत बुडवून ठेव. थोड्या दिवसांत पणजोबांची वाटतील." मला वाटलं, हा थट्टा करतोय. पण तिथे सगळे असंच करतात, आणि वर अभिमानाने सांगतात.

मर्डोने बरणी तळघरात ठेवली, फळीवर, आयोनाच्या बीटच्या लोणच्यामागे. एका रविवारी तिची बहीण जेवायला आली होती. आयोना खाली गेली आणि मागची बरणी घेऊन वर आली. तिने झाकण उघडलं, वास घेतला. ओरडली नाही. झाकण पुन्हा लावलं आणि बरणी मर्डोच्या ताटाशेजारी ठेवली.

"हं," ती म्हणाली, "जेव आता."

नाकाला कपडे वाळवायचा चिमटा लावून तिने ती बटणं मला शिवली. आजही हवा दमट झाली की ती घाणतात. इतकी वर्षं मी ती छातीवर बाळगली आहेत, तेव्हा मी नाजूक आहे असं कुणी म्हणू नये.

मर्डो रांगेतला साधा शिपाई, पण मरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. या खेळात कुणी कधी मरायचं हे आधी ठरलेलं असतं. कुठे मरायचं ते ज्याचं त्याने बघायचं. बहुतेकजण सोय बघून मरतात. रस नेहमी मेपलच्या झाडाखाली, सावलीत मरायचा आणि टोपी तोंडावर ओढून झोपायचा. मर्डो मात्र भर उन्हात, जुन्या विहिरीजवळ पडायचा. त्याचं कारण होतं. गोळीबार थांबला की किल्ल्याच्या दारातून बायका बाहेर येतात आणि पडलेल्यांत आपापला माणूस शोधतात. ते दार विहिरीसमोर आहे.

आयोना शाल घेऊन, वाकत वाकत यायची. आधी एखाददुसऱ्या परक्या मेलेल्याची टोपी उचलून बघायची. "हा का? छे, हा घोरतोय," असं पुटपुटायची. मग मर्डोजवळ गुडघे टेकून, लोकांकडे पाठ करून बसायची.

"मेलास का?" ती हळूच विचारायची.

मर्डो गप्प.

"बरं झालं. घरचा गॅस बंद केला होतास का?"

"मेलेला माणूस बोलत नसतो," मर्डो ओठ न हलवता म्हणायचा.

"मग नुसतं तोंड उघड."

ती मेपलच्या साखरेची वडी त्याच्या तोंडात घालायची आणि चिकट बोटं माझ्या कॉलरला आतून पुसायची. मग तिला हसू यायचं आणि ते आवरायचं नाही. तोंडावर शाल दाबून ती हसायची आणि तिचे खांदे गदगदा हलायचे. तटावर खेळ बघायला बसलेल्या लोकांना तिची फक्त पाठ दिसायची. "काय रडते हो ही बाई!" असं म्हणत तिथे रुमाल निघायचे. एकदा एक म्हातारी तिचं सांत्वन करायला राहुटीपर्यंत आली होती. एका वर्षी तिचा तसा पाठमोरा फोटो किल्ल्याच्या पोस्टरवर आला. ती हसते हे फक्त मर्डोला माहीत होतं, आणि मला.

घरी आल्यावर ती मला झटकायची, ब्रश करायची, सावलीत दोरीवर टाकायची. कॉलर आतून मात्र कधी पुसायची नाही. "राहू दे," म्हणायची. "पुढच्या वर्षी पुन्हा तेच होणार आहे."

मग एका हिवाळ्यात आयोना गेली. मला कुणी सांगितलं नाही. कपाटातल्या कपड्याला कोण सांगतं? उन्हाळा आला, कपाटाचं दार उघडलं, आणि मला उचलणारे हात तिचे नव्हते. मर्डोने मला भांडी घासायच्या ब्रशने झटकलं, तेही उलट्या दिशेने. त्याच्या अंगाला बंद घराचा वास येत होता. तेव्हा मला कळलं.

मला बाहेर काढायचं कारण क्लिफर्ड. डगला बघून जातो, असा निरोप त्याने धाडला होता. क्लिफर्ड एरवी शेगड्या विकतो, उन्हाळ्यात पलटणीचा कॅप्टन असतो. मला दोरीवर टांगलं होतं त्या ओसरीवर तो येऊन बसला.

"वाईट झालं रे मर्डो. फार वाईट," तो म्हणाला. "बरं, यंदाच्या खेळाचं काय करायचं?"

"मी येणार नाही."

"अरे, पोस्टर तुम्हा दोघांचं आहे! लोक बंदुका ऐकायला थोडेच येतात? ते त्या रडण्यासाठी येतात. आणि तशी सोय झालीय. डार्सी म्हणून एक मुलगी आहे, शहरात नाटकात काम करते. जुन्या चित्रफिती बघून तिने सगळं बसवलंय. ते खांदे हलतात ना, अगदी तसे."

"खांदे," मर्डो म्हणाला.

"हुबेहूब. तुला जमत नसेल तर नुसता डगला दे. पलटणीतल्या त्या बेनेटच्या अंगावर घालू, विहिरीजवळ पाडू. लांबून कोण ओळखतंय?"

मित्रांनो, बायको जाऊन सहा महिने झाले नव्हते आणि हा माणूस तिचे खांदे दुसरीला शिकवून आला होता. वर आयोनाच्या खुर्चीत बसून तिच्याच कपात कॉफी पीत होता. बटणांचा तो वास मला त्या क्षणी सुगंधी वाटला.

मर्डोने मला दोरीवरून काढून हातात घेतलं. मग म्हणाला, "डगला दुसऱ्याला द्यायचा नाही. मी येतो."

लढाईच्या दिवशी किल्ल्यावर जत्रा भरली होती. तटाच्या उतारावर, जिथे तापाने गेलेले खरे शिपाई पुरले आहेत, तिथे निळ्या प्लास्टिकचे संडास ओळीने उभे होते. त्यांच्या नावांच्या दगडाला टेकून लोक सॉसेज खात होते आणि बोटं दगडाला पुसत होते. क्लिफर्ड प्लास्टिकच्या लहान पिशव्या वाटत फिरत होता.

"यंदा रक्त आहे," तो सांगत होता. "डगल्याच्या आत ठेवायची. पडताना दाबायची."

रसने पिशवीचा कोपरा दाताने तोडून चाखलं. "हा तर पाक आहे! मग मी आतूनच जखमी होतो," म्हणाला आणि सगळी चोखून टाकली. मर्डोने हात पुढे केला नाही. तेव्हा क्लिफर्डने स्वतःच माझी बटणं सोडली आणि पिशवी आत कोंबली.

थोड्या वेळाने डार्सी आली. आयोनाच्या शालीसारखीच शाल तिने घेतली होती. हातात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली होती.

"अहो मर्डो, मी डार्सी. तुम्ही नुसतं पडून राहा. मी जास्त वेळ नाही रडणार. मानेखाली हात घातला तर चालेल ना? दुखत नाही ना मान?"

"दुखत नाही," मर्डो म्हणाला. मुलगी वाईट नव्हती. तिला जे शिकवलं होतं ते वाईट होतं.

लढाई सुरू झाली. दारूचा धूर नासक्या अंड्यासारखा घाणतो. तो माझ्यात मुरला. आमच्या रांगेतली माणसं ठरल्याप्रमाणे पडू लागली. रस झाडाखाली जाऊन मेला. मर्डो चालत विहिरीपाशी पोचला. समोरून निळ्यांनी बार काढला.

"मर्डो, आता तू," क्लिफर्ड मागून म्हणाला.

मर्डो उभाच राहिला.

या लोकांत गोळी लागूनही न पडणं यासारखी लाजेची गोष्ट नाही. अशा माणसाला ते 'अमरपट्टा' म्हणून चिडवतात आणि वर्षभर त्याच्या शेकोटीजवळ बसत नाहीत. मर्डोने आजवर हे कधी केलं नव्हतं. निळ्यांना वाटलं, त्याला ऐकू आलं नसेल. त्यांनी पुन्हा बार काढला.

"अरे पड ना!" झाडाखालून मेलेला रस ओरडला.

"अमरपट्टा! अमरपट्टा!" निळे ओरडू लागले. तटावरचे लोक हसायला लागले. मर्डोने दोन्ही हात छातीशी घट्ट धरले होते. आतली पिशवी फुटली आणि तो गार, चिकट पाक माझ्या अस्तरातून झिरपत बाहेर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, आता पडेल.  पण पाय हलले नाहीत.

भोंग्यावरून आवाज आला, "आणि आता येत आहे आपली वीरपत्नी!"

डार्सी दारातून वाकत वाकत आली. तिने एका मेलेल्याची टोपी उचलून बघितली, अगदी आयोना बघायची तशी. मग विहिरीशी आली आणि थबकली. गुडघे टेकायला तिथे कुणी पडलेलं नव्हतं. तिचे खांदे मात्र आधीच हलू लागले होते.

"थांब पोरी," मर्डो म्हणाला. "ती रडायची नाही."

"काय?"

"हसायची. घरचा गॅस बंद केलास का, असं विचारायची आणि हसायची. पाठ तुमच्याकडे असायची, म्हणून तुम्हाला रडणं वाटायचं."

डार्सीचे खांदे थांबले. "मी किती दिवस ते बघून बघून..." ती म्हणाली. मग तिने हळूच विचारलं, "पण तुम्ही पडला का नाहीत?"

"पडलो तर उठवायला कोण येणार?" मर्डो म्हणाला.

लांबून क्लिफर्ड हातवारे करत ओरडत होता, "रड! अगं, रड ना!" मित्रांनो, इतकं घाणेरडं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही. डार्सीने ते ऐकलं. तिने थेंबांची बाटली शालीत गुंडाळली आणि मर्डोच्या शेजारी नुसती उभी राहिली. तिने त्याला हात लावला नाही आणि ती रडलीही नाही.

शेवटी बिगूल वाजला. बिगूल वाजला की मेलेले सगळे उठतात, टोप्या काढतात आणि पूर्वी खरोखर मेलेल्यांसाठी क्षणभर गप्प उभे राहतात. मर्डोला उठावं लागलं नाही. त्याने टोपी काढली. रस झाडाखालून आला आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला.

क्लिफर्डने नंतर निरोप धाडला की डगला पाठवून द्या, फुकट धुऊन देतो, यंत्रात घालून, औषधं टाकून. मर्डोने निरोपाला उत्तर दिलं नाही. त्याने ओल्या फडक्याने माझी छाती पुसली. नीट जमलं नाही, डाग राहिलाच. कॉलरपाशी आला तेव्हा फडकं बाजूला ठेवून त्याने ती आतून अंगठ्याने चाचपली. तिथे अजून थोडं चिकट लागतं. मग त्याने मला सावलीत टांगलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणा गेलेल्या माणसाने शिवलेलं काही असेल, तर ते धुवायला टाकण्याआधी आतून बघा. कुणी पाठमोरं बसून खांदे हलवत असेल, तर टाळ्या वाजवण्याआधी पुढे जाऊन त्याचं तोंड बघा. आणि कधी मी तुमच्या हाती आलो, तर माझी छाती खुशाल घासा, उकळत्या पाण्यात घाला, बटणं उपटून फेकून दिलीत तरी चालेल. कॉलर आतून तेवढी धुऊ नका.