बेर्तासाठी केलेली मोठी पेटी

चेक देशातल्या प्रेरोव शहरात, आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर व्रातिस्लाव आणि क्वेता राहतात. त्यांची मुलगी रादाना बापाशी भांडून जर्मनीत ब्रेमेनला नोकरीला गेली आणि तिची बेर्ता मागे राहिली. बेर्ता म्हणजे टॅरंटुला, तळहाताएवढी केसाळ कोळीण. पूर्वी लेकीच्या खोलीत पाऊल न टाकणारा व्रातिस्लाव आता रोज बेर्ताचं पाणी बदलू लागला.

"लेकीला फोन करवत नाही, पण हिला खायला किडे मिळावेत म्हणून गाव पालथं घालतोस," क्वेता म्हणायची.

बेर्ताची काचेची पेटी बुटकी होती आणि निम्मी मातीनंच भरलेली. हिवाळा सरताना बेर्तानं खाणं सोडलं. तिचं पोट टम्म फुगलं, त्यावरचा टकला भाग काळवंडला. व्रातिस्लावला वाटलं, एवढ्याशा जागेत जीव गुदमरतोय बिचारीचा.

"रादानाला विचार ना," क्वेता म्हणाली.

"तिनं करावा फोन. बाप मी आहे."

ईस्टरला रादाना यायची होती. तिला दाखवायचं म्हणून त्यानं स्वतः काच कापून कमरेएवढी उंच पेटी केली, आत फांदी ठेवली, पाण्याची दगडी वाटी ठेवली आणि बेर्ताला तीत सोडलं. बेर्ता काचेवरून सरसर वर चढली तेव्हा तो खूश झाला. दुसऱ्या दिवशी ती वरून त्या वाटीवर आपटली. पोटाखाली जरा ओल दिसली, नंतर तीही सुकली.

त्याच आठवड्यात एका सकाळी बेर्ता उताणी पडलेली दिसली. व्रातिस्लावनं ब्रेमेनला फोन लावला.

"रादाना, तुझी बेर्ता गेली गं."

"उताणी आहे? मग कात टाकतेय, बाबा. हात लावू नकोस."

"बरेच दिवस खात नव्हती. जागा अपुरी पडत होती ना तिला?"

"नाही रे. कात टाकायच्या आधी खात नाहीत त्या. जागा पुरेशी होती." मग ती थबकली. "होती म्हणजे? पेटी बदललीस?"

"मोठी केली. उंच."

"पडली का ती?"

"हो."

"बाबा, बेर्ता बिळात राहणारी आहे, उंचावर चढणारी नाही. पोट भरलेलं असताना पडली की आतून फुटतात त्या. बघू आता."

पाठीवरचं जुनं कवच झाकणासारखं उघडलं, पण पाय काही कातीतून बाहेर निघेनात. व्रातिस्लाव दिवसभर पेटीपाशी बसून राहिला. संध्याकाळी बेर्ता हलायची थांबली.

ईस्टरला रादाना आली. ओरडली नाही, तिनं पेटीकडे फक्त एकदा बघितलं.

"काच छान कापलीस," ती म्हणाली.

"बोल ना मला काहीतरी."

"काय बोलू? एक फोन करायचास." जरा थांबून म्हणाली, "मीही करू शकत होते."

क्वेतानं गोड पाव कापला. तिघांनी खाल्ला.

आता व्रातिस्लाव दर रविवारी ब्रेमेनला फोन करतो. हवा कशी आहे विचारतो, जेवलीस का विचारतो. मग पुढे काही सुचत नाही. बेर्ताबद्दल बोलता आलं असतं तर तासभर बोलला असता.