काठावरची माणसं

प्रभावती शिंत्रे यांनी कॅनव्हासवर नदी उतरवली, आणि भिंतीवरच्या मूळ चित्रातली नदी आटली. पात्रात नुसते गोटे उरले.

मिरजेत हणमंते सरांच्या क्लासला त्या नव्यानेच येऊ लागल्या होत्या. शाळेतून निवृत्त झालं की तैलरंग शिकायचे, हे त्यांनी कधीचं मनाशी धरलं होतं. भिंतीवर सरांच्या गुरूंनी काढलेलं एक निसर्गचित्र होतं. डोंगर, नदी, काठाला छोटंसं गाव. नव्या माणसाने आधी त्याची हुबेहूब नक्कल करायची, अशी सरांची पद्धत.

"सर, नदी गेली," प्रभाताई म्हणाल्या.

"गेली कुठं? तुमच्याकडं आली. काठ तेवढा कच्चा वाटतोय, रंग ओला आहे तोवर नीट करा."

शेजारच्या बाईंनी आपला स्टँड हळूच पलीकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी चित्रातलं गाव घराबाहेर येऊन कोरड्या पात्रात उभं होतं. तिळाएवढी माणसं, पण सगळ्यांची तोंडं प्रभाताईंकडे वळलेली. चहा पिऊन त्या परत आल्या तोवर ती करंगळीएवढी झाली होती. त्यांच्या हातातल्या रिकाम्या घागरी आता स्पष्ट दिसत होत्या.

प्रभाताईंनी घाईघाईने चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि नदीचं एक वळण पुसलं. तेवढं पाणी कुठेच राहिलं नाही, ना इथे ना तिथे.

"मूळ चित्रात परत रंगवून देऊ का?"

"त्याला ब्रश लावायचा नाही," सर म्हणाले.

"मग या माणसांचं काय करू?"

"माणसंही चित्रातलीच ना? घ्या उतरवून."

त्यांनी आधी हिरव्या लुगड्याची बाई घेतली. ती फटकाऱ्या-फटकाऱ्याने भिंतीवरून कमी झाली आणि कॅनव्हासवर पुरी झाली. लगेच ओणवी होऊन ओंजळीने पाणी प्यायली. प्रभाताईंचा जीव भांड्यात पडला. मग त्या भराभर एकेकाला आणत गेल्या. हात भरून आला तरी थांबल्या नाहीत. अर्धं गाव काठावर आलं, तेव्हा त्यांनी तांबड्या मुंडाशाच्या माणसाला हात घातला. त्याचं डोकं झालं, खांदे झाले, छाती झाली.

हिरव्या लुगड्याची बाई तोंड पुसत उठली. "बास आता."

"का?"

"पाणी आमालाच पुरायचं न्हाई."

"तो तुमच्याच गावचा आहे ना?"

"हुता."

काठावरचे लोक वाकून गोटे वेचू लागले. प्रभाताईंनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीशी ब्रश धूत होते.

"हात आखडू नका," ते मागे न बघता म्हणाले.

मुंडाशाचा माणूस कमरेपर्यंत इथे आला होता. त्याचे पाय अजून भिंतीवर होते आणि त्यांच्यामागे उरलेलं गाव ताटकळत उभं होतं. तो काठावरच्यांकडे बघत नव्हता. प्रभाताईंकडे बघत होता.

"बाई, पाय," तो म्हणाला.

त्यांनी ब्रशवर तपकिरी रंग घेतला. पहिला दगड त्याला लागला नाही. तो प्रभाताईंच्या बोटांवर बसला आणि ब्रश गळून पडला. खाली वाकून त्या ब्रश चाचपडत असताना वर तो माणूस "पाय, बाई, पाय," म्हणत राहिला. त्यांनी मान वर केली. भिंतीवरच्या चित्रात ते दोन पाय एकटेच वळले आणि डोंगराच्या दिशेने चालू लागले.